पाट्याची साक्ष

मराठीत पाटा म्हटले की आधी वरवंटा आठवतो. क्रिकेटवर जीव असणाऱ्यांना गोलंदाजांना रडवणारी खेळपट्टी आठवते. पण पुणे-नाशिक रस्त्यावर, आळेफाट्याच्या अलीकडे-पलीकडे, एखाद्या चहाच्या टपरीवर कोणी नुसते 'पाटा गेला' असे म्हणाले, तर ऐकणाऱ्याच्या मनात या दोहोंपैकी काहीही येत नाही. तो लगेच विचारतो, "मेन गेला का खालचा?" मालवाहू गाडीच्या चासीखाली, ॲक्सलवर, एकावर एक रचून मधोमध बोल्टने जखडलेल्या पोलादी पट्ट्यांची जी कमान असते, तिला आमच्याकडे पाटे म्हणतात. रस्त्याकडेच्या पत्र्यावर 'कमान पाटे बसवून मिळतील' अशी रंगवलेली अक्षरे आपण सगळ्यांनीच धावत्या एसटीतून वाचलेली असतात आणि पुढचा थांबा येईपर्यंत विसरलेली असतात.

त्या विसरलेल्या अक्षरांविषयी आज लिहायचे आहे. मी आयुष्याची चौतीस वर्षे बँकेत काढली, त्यातली बरीचशी ग्रामीण शाखांत. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. दोन्ही धंद्यांत एक अनुभव सारखाच आला. आपल्यावर भार किती आहे, हे माणसे खरे सांगत नाहीत. कर्जदार सांगत नाही आणि कादंबरीतले पात्रही पहिली शंभर पाने सांगत नाही. गाडीचे पाटे मात्र सांगतात. गाडीत माल किती भरला, किती दिवस भरला, कोणत्या बाजूला जास्त भरला, हे पावतीवर काहीही लिहिलेले असले तरी पाट्यांवर वेगळे लिहिलेले असते. ते वाचता येणारा माणूस मात्र हवा.

तसा एक मिस्त्री आमच्या भागात आहे. पंचावन्नच्या पुढचा, अबोल. गेल्या पावसाळ्यात माझ्या पुतण्याच्या पिकअपचे मागचे पाटे बदलायचे होते, तेव्हा मी अख्खा दिवस त्याच्या शेडमध्ये बाकावर बसून होतो. निवृत्त माणसाला असा दिवस परवडतो. पुतण्या हंगामात नारायणगावचा टोमॅटो माळशेज घाट उतरून मुरबाडमार्गे कल्याणच्या बाजारात नेतो. गाडी कर्जावर घेतलेली, तीन वर्षांचे हप्ते अजून बाकी. महिनाभरापूर्वी गाडी मागच्या डाव्या अंगाला झुकू लागली. मग खड्ड्यात गेली की खालून ठक्क असा आवाज येऊ लागला. आणि एके पहाटे ओतूरजवळ ती सरळ रस्त्यावरही एका बाजूला ओढू लागली. डावीकडचा मेन पाटा मधल्या बोल्टापाशी तडकला होता.

पाटे बदलणे हे काम ऐकायला सोपे वाटते. जुने काढायचे, नवे लावायचे. प्रत्यक्षात त्यात निम्मा वेळ जुन्याशी भांडण्यात जातो. मिस्त्रीने पुढच्या चाकांना दगड लावले, मागची बाजू जॅकने उचलली आणि चासीखाली लोखंडी स्टँड दिले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचे नाही, हा त्याच्या शेडमधला पहिला नियम आणि तो पोऱ्यालाही माफ नाही. मग ॲक्सलखाली दुसरा जॅक घेतला. चासी स्टँडवर आणि ॲक्सल जॅकवर, म्हणजे मधल्या पाट्यावरचा ताण निघून जातो. ताण असताना नट सोडला तर पाटा उसळतो, आणि उसळलेला पाटा माणसाचा हात पाहत नाही.

चाके निघाली. शॉक ॲब्सॉर्बरचे खालचे टोक सुटले. मग आले यू-बोल्ट. इंग्रजी यू अक्षरासारखे वाकवलेले हे चार बोल्ट, दर बाजूला दोन, पाटे आणि ॲक्सल यांची मोट बांधून ठेवतात. त्यांचे नट चिखलापाण्याने गंजून एकजीव झालेले होते. डिझेल सोडले, वाट पाहिली, पान्याला लांब पाइप घालून दोघे लोंबकळले. दोन नट आले. दोन आले नाहीत, ते शेवटी गॅसने कापावे लागले. "कापले तरी काय बिघडत नाय," मिस्त्री म्हणाला, "यू-बोल्ट परत लावायचेच नसतात. एकदा ताणला की त्याचा जीव गेला." पाटे नवे आणि यू-बोल्ट जुने, ही काटकसर पुढे महागात पडते, कारण घट्ट आवळल्यावर बोल्ट किंचित लांबतो, आणि त्या लांबण्यातूनच त्याची पकड येते. एकदा वापरलेला बोल्ट पुन्हा तशी पकड देईल याचा भरवसा नसतो.

पाट्यांचा जुडगा खाली आला तेव्हा मिस्त्रीने तडकलेला मेन पाटा वेगळा केला आणि घणाच्या एका घावात त्याचे दोन तुकडे केले. तुटीचा ताजा काप माझ्यापुढे धरला. "बघा साहेब." त्या कापाचा मोठा भाग काळसर तांबूस होता, त्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक रेषा. उरलेला भाग खडीसाखरेसारखा चकाकणारा. "हा चकाकता भाग आत्ताचा. काळा भाग जुना. तडा कवाच पडला होता, हळूहळू आत शिरत होता. तुमाला वाटतं त्या खड्ड्यात तुटला. खड्डा फक्त निमित्त."

पोलादाच्या थकव्याचे शास्त्र याच गोष्टीला शंभर पानांत सांगते. पाटा वाकतो तेव्हा त्याच्या वरच्या अंगाला ताण बसतो. गाडी धावताना तो दिवसात हजारो वेळा वाकतो आणि सरळ होतो. एका वाकण्याने काही होत नाही. पण भोकाच्या कडेला, गंजाच्या खळीत किंवा ओरखड्यापाशी केसाएवढा तडा सुरू होतो आणि प्रत्येक भरलेल्या खेपेला किंचित पुढे सरकतो. यू-बोल्ट सैल असेल तर काम अधिकच लवकर होते, कारण मग जखडलेला मधला भागही वाकू लागतो, आणि नेमके तिथेच मधल्या बोल्टाचे भोक असते. भार दीडपट केला तर पाट्याचे आयुष्य दीडपटीने घटत नाही, कित्येक पटींनी घटते. हा हिशेब सरळ व्याजाचा नाही, चक्रवाढ व्याजाचा आहे.

मुळात अशा पट्ट्या एकावर एक का रचायच्या, एकच जाड पट्टी का नको, असा प्रश्न मला त्या बाकावर पडला. उत्तर गणितात आहे. पट्टीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. पाच पातळ पट्ट्या एकमेकींवर घसरतील अशा ठेवल्या आणि तेवढ्याच एकूण जाडीची एकच पट्टी घेतली, तर ती एकटी पंचवीस पट ताठ होते. ती वजन उचलेल, पण वाकणार नाही, म्हणजे प्रत्येक धक्का जसाच्या तसा वर पाठवेल. पट्ट्यांची लांबी खाली कमी-कमी होत जाते, कारण वाकवणारा जोर मध्यावर सर्वांत जास्त असतो आणि टोकांकडे कमी होत जातो. जिथे जोर जास्त तिथे जास्त पट्ट्या. सर्वांत वरच्या मेन पाट्याची दोन्ही टोके गोल वळवलेली असतात. पुढचे टोक चासीला पक्के आणि मागचे एका झुलत्या कडीला, जिला शॅकल म्हणतात. कमान दबली की ती लांब होते, त्या वाढत्या लांबीला जागा देण्यासाठी हा झुला. आपल्याकडच्या पिकअपना बहुधा सर्वांत खाली एक-दोन जाड, जवळजवळ सपाट पाटे असतात. रिकाम्या गाडीत ते काही करत नाहीत, माल भरला की कामाला लागतात. कुटुंबातल्या एखाद्या मितभाषी मामासारखे.

ही युक्ती जुनी आहे. लंडनच्या ओबाडिया इलियट याने घोडागाडीसाठी दुहेरी कमानीच्या पाट्यांचे पेटंट घेतले ते १८०४ साली, आणि साधे पाटे तर युरोपातल्या बग्ग्यांखाली त्याही आधीपासून होते. आपल्याकडे बैलगाडीला कमान कधीच नव्हती, टांग्याला होती. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप चारही चाकांवर पाटे घेऊन आली, आणि स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत तिची जुळणी सुरू झाली. पुण्यात तयार झालेली टाटा ४०७ १९८६ मध्ये आली, छोटा हत्ती म्हणून लोकांनी बारसे केलेली टाटा एस २००५ मध्ये. मोटारी हळूहळू गुंडाळीच्या स्प्रिंगांकडे गेल्या, पण माल वाहणाऱ्या गाडीच्या मागच्या ॲक्सलखालून पाटे हलले नाहीत. याचे कारण सोपे. पाटा एकटाच तीन कामे करतो. वजन पेलतो, ॲक्सल जागेवर धरून ठेवतो आणि पट्ट्यांच्या घासण्यातून थोडा धक्काही जिरवतो. तीन कामे एका पगारात करणारा कामगार कोण सोडेल?

दुपारी नवे पाटे आले आणि खरा प्रसंग तेव्हा उभा राहिला. पुतण्या मिस्त्रीला म्हणाला, "दोन्ही बाजूला एकेक पाटा जादा टाका."

मिस्त्रीने ऐकले न ऐकल्यासारखे केले. पुतण्याने पुन्हा सांगितले आणि मग माझ्याकडे वळून हिशेब मांडला. तो हिशेब मी इथे देतो, कारण या लेखाचे मर्म त्यात आहे. "काका, गाडी दीड टनाची. क्रेट वीस किलोचा. म्हणजे नियमाने पंच्याहत्तर क्रेट, आणि क्रेटचं वजन धरलं तर आणखी कमी. भाडं क्रेटमागं मिळतं. पंच्याहत्तर भरा नाहीतर एकशे दहा भरा, डिझेल थोडंफार तेवढंच, ड्रायव्हर तेवढाच, घाट तेवढाच. पहिल्या पंच्याहत्तर क्रेटांत डिझेल निघतं आणि हप्ता निघतो. वरचे पस्तीस क्रेट घरचे."

मी बँकेत असताना वाहनकर्जाचे शेकडो प्रस्ताव पाहिले. खेपा गुणिले भाडे, त्यातून डिझेल, पगार, विमा, टायर, देखभाल वजा, आणि उरलेल्या रकमेत हप्ता बसतो की नाही हे पाहायचे. त्या कागदांवरची प्रत्येक गाडी नेहमी नियमात राहूनच भार वाहते. बँकेला दुसरे काही लिहिता येत नाही, कर्जदाराला दुसरे काही सांगता येत नाही. पण गाडी रस्त्यावर येते तेव्हा तिच्या तालुक्यात तशाच आणखी गाड्या हप्त्यावर आलेल्या असतात. भाड्यासाठी चढाओढ लागते. क्रेटमागचा दर खाली येतो. दर खाली आला की पंच्याहत्तर क्रेटांत हप्ता निघेनासा होतो. मग क्रेट वाढतात. क्रेट वाढले की सगळेच वाढवतात, आणि दर त्या वाढीव क्रेटांच्या हिशेबाने ठरू लागतो. आता नियमाने भरणारा माणूस बाजारातून बाहेर. म्हणजे पुतण्याला आपण लोभी म्हणायचे, तर त्याचा लोभ त्याच्याकडे एखाद्या परिपत्रकासारखा वरून आलेला आहे.

मिस्त्रीने तोवर बिडी विझवली होती. तो म्हणाला, "जादा पाटा टाकला की पाटे वजन घेतील. घेणार नाहीत असं मी म्हणत नाही. पण ॲक्सल तोच राहील. टायर तेच. बेअरिंग तेच. चासी तीच." आणि मग त्याने पुतण्याला हाताला धरून गाडीखाली वाकायला लावले. मीही गुडघे सांभाळत वाकलो.

ॲक्सलच्या वर, चासीला लागून, मुठीएवढे एक यंत्र होते आणि त्यातून एक बारीक दांडी ॲक्सलपर्यंत आलेली होती. निदान यायला हवी होती. कोण्या आधीच्या कारागिराने ती तारेने चासीलाच बांधून टाकली होती. बऱ्याच पिकअपमध्ये असणारा हा ब्रेकचा झडपेचा भाग, लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. त्याचे काम मोठे शहाणपणाचे आहे. रिकाम्या गाडीचा मागचा भाग हलका असतो. अशा वेळी मागच्या ब्रेकला पूर्ण जोर दिला तर चाके जाम होऊन गाडी आडवी फिरते. म्हणून झडप मागचा जोर कमी ठेवते. माल भरला की पाटे दबतात, चासी ॲक्सलकडे खाली येते, दांडी झडपेला कळवते की आता ओझे आहे, आणि झडप मागच्या ब्रेकला जास्त जोर सोडते. थोडक्यात, गाडीत किती वजन आहे हे ब्रेकला पाट्यांकडून कळते.

आता त्यात जादा पाटा घाला. गाडीत दोन टनांहून अधिक माल असूनही मागची बाजू ताठ उभी राहते. चासी खाली येत नाही. दांडी कळवते की ओझे नाही. झडप मागच्या ब्रेकचा जोर आखडता घेते. नेमक्या ज्या वेळी मागच्या चाकांनी जास्तीत जास्त थांबवायला हवे, त्या वेळी ती कमी थांबवतात, आणि सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो. सपाट रस्त्यावर हे कळत नाही. पावसाळ्यात, धुक्यात, माळशेजच्या उतारावर, एकामागून एक वळणांवर ब्रेक तापत जातात तेव्हा ते कळते. तेव्हा कळून उपयोग नसतो.

"पाटा बसला की गाडी तुमाला सांगती, आता बास," मिस्त्री म्हणाला. "तुमी जादा पाटा टाकून तिचं तोंड बंद करता. मग ती ब्रेकशी पण खोटं बोलती."

बँकेत आमच्याकडे या प्रकाराला एक इंग्रजी नाव होते. १९९१ च्या नरसिंहम समितीनंतर थकीत कर्ज कोणते म्हणायचे याचे काटेकोर नियम आले, आणि मार्च २००४ पासून हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक धरायचे असे ठरले. नियमाचा हेतू हाच की, खाते दबू लागले की ते दिसावे. पण नियमापाठोपाठ तो चुकवण्याची कलाही येते. जुन्या कर्जाचा हप्ता भरण्यापुरते नवे कर्ज द्यायचे. खाते वहीत हिरवेगार, कर्जदार आतून पोखरलेला. याला एव्हरग्रीनिंग म्हणत आणि रिझर्व्ह बँक त्याविरुद्ध वारंवार बजावत आली आहे. अडचणीतल्या कर्जदाराला खरोखर मुदत वाढवून देणे वेगळे आणि त्याची अडचण दिसू न देणे वेगळे. जादा पाटा हा दुसऱ्या प्रकारातला. त्याने भार कमी होत नाही, भाराची खूण तेवढी पुसली जाते.

कायदा काय म्हणतो, तेही पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम १९४ मधला दंड केंद्राच्या २०१९ च्या दुरुस्तीने वाढला. मर्यादेपेक्षा जास्त माल भरला तर वीस हजार रुपये, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च. या कलमाच्या शब्दांत गाडी चालवणारा, चालवायला लावणारा आणि चालवू देणारा हे तिघेही येतात. रस्त्यावर सापडतो तो पहिला. शेताच्या बांधावर 'अजून दहा बसतील की' म्हणणारा, बाजारात क्रेटमागचा दर पाडणारा, वेळेवर हप्ता मागणारा, यांच्यापैकी कोणी घाटात गाडी चालवत नाही. नवल असे की, बाजार समितीच्या आवारात टोमॅटो क्रेटाक्रेटाने मोजला जातो, पण तो ज्या गाडीत चढतो ती गाडी क्वचितच काट्यावर चढते. रस्त्याकडेला वजनकाटे आहेत. दोन मिनिटांचे काम असते.

आणि रस्ता? त्याचाही या वर्तुळात वाटा आहे. अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवरून ट्रक फिरवून एक मोठा प्रयोग झाला. त्यातून निघालेला ढोबळ नियम रस्त्यांचे अभियंते आजही वापरतात. एका ॲक्सलवरचा भार वाढला की रस्त्याचे नुकसान साधारण चौथ्या घाताने वाढते. भार दीडपट, तर नुकसान सुमारे पाचपट. त्या नुकसानीत मोठ्या ट्रकांच्या मानाने पिकअपचा हिस्सा नगण्य. पण ट्रकांनी उखडलेल्या रस्त्यावरून तीही जाते, आणि उखडलेला रस्ता तिचे पाटे मोडतो.

शेवटी पुतण्याने जादा पाटा टाकला नाही. माझ्या शब्दाखातर नव्हे, त्या तारेने बांधलेल्या दांडीमुळे. गाडीखालून बाहेर आल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "कंपनीचे आहेत तेवढेच टाका."

मग काम भराभर झाले. पाटा फक्त डावीकडचा गेला होता, पण बदलले दोन्ही बाजूंचे. एक नवा आणि एक दमलेला अशी जोडी लावली तर गाडी कायम एका अंगाने चालते. जुने पाटे तापवून, ठोकून त्यांना पुन्हा कमान देणारेही आहेत. स्वस्तात होते. पण हे सिलिकॉन-मँगनीज किंवा क्रोमियमचे खास पोलाद तापवून तेलात विझवलेले आणि मग बेताने पुन्हा गरम करून लवचीक केलेले असते. नुसते भट्टीत लाल केले की त्याचे पाणी उतरते. कमान दिसते, पण टिकत नाही. हे मिस्त्रीने स्वतःहून सांगितले, यात त्याचे नुकसान होते तरी.

मधल्या बोल्टाचे डोके ॲक्सलवरच्या बैठकीच्या भोकात बरोबर बसले की नाही, हे त्याने बोटाने चाचपून पाहिले. ते चुकले तर ॲक्सल तिरके बसते आणि गाडी खेकड्यासारखी चालते. नवे यू-बोल्ट त्याने आडवे-तिरके, थोडे-थोडे करत आवळले आणि शेवटी टॉर्क पान्याने तपासले. शॅकलचे बोल्ट मात्र अर्धवट ठेवले. चाके लावून गाडी जमिनीवर उतरवली, तिचे वजन पाट्यांवर येऊ दिले आणि मग ते घट्ट केले. गाडी उचललेली असताना आवळले तर रबरी बुश पीळ घेऊन बसते आणि लवकर फाटते. झडपेची दांडी सोडवून, पुन्हा ॲक्सलला जोडून, तिचे माप लावले. "दोन-तीन खेपा झाल्या की येऊन जा. यू-बोल्ट परत आवळायचे. पैशे नाय घेणार." हे शेवटचे काम निम्मे गाडीवाले करत नाहीत, आणि मग पाटा भोकापाशीच तुटतो, असे तो म्हणाला.

नव्या जोडीचा खर्च पुतण्याच्या एका हप्त्याच्या आसपास आला. तो आता ऐंशीच्या वर क्रेट घेत नाही. ऐंशी म्हणजेही नियमापेक्षा थोडे जास्तच, हे मला दिसते आणि त्यालाही माहीत आहे. दोन शेतकऱ्यांनी माल दुसऱ्या गाडीला दिला. एकाने क्रेटमागे थोडा दर वाढवून दिला, कारण घाटात अडकलेल्या गाडीतल्या टोमॅटोचे काय होते हे त्याने मागच्या वर्षी पाहिले होते. हंगाम संपला तेव्हा हिशेब ना फार वाईट आला, ना चांगला. एकट्याने कमी भरून हा प्रश्न सुटणारा नाही, हे त्यातून दिसले. बाजार समितीने गाडीच्या मंजूर भारानुसार खेपेचा दर ठरवून दिला आणि आवारातून बाहेर पडणारी गाडी एकदा काट्यावर घेतली, तर पस्तीस क्रेटांची ही शर्यत बरीच थंडावेल. कर्ज देणाऱ्यांनीही मंजूर भारावर, त्या गावात प्रत्यक्ष मिळणाऱ्या दराने, हप्ता निघतो का हे पाहावे. निघत नसेल तर त्या गावाला आणखी एका पिकअपची गरज नाही, असाच त्याचा अर्थ होतो.

जुन्या पाट्यांचे तुकडे मिस्त्रीच्या शेडमागे ढिगात पडतात. आमच्या भागातले लोहार ते नेतात. ऊसतोडीच्या कोयत्याला, विळ्याला, कुऱ्हाडीला या पोलादासारखे पोलाद नाही. तोड करणाऱ्याच्या हातातला कोयता पुष्कळदा कोणत्या तरी ट्रकचा निवृत्त पाटा असतो. पुतण्याचा तुटका मेन पाटाही त्याच वाटेने गेला.

वाचकांपैकी बरेच जण घाटातून मोटारीने जात असतील. पुढे ताडपत्रीखाली गच्च भरलेली पिकअप दिसली, तर एकदा तिच्या मागच्या चाकांवर नजर टाका. भाराने ती थोडी दबलेली असेल तर ठीक आहे, तिचे पाटे खरे बोलत आहेत. पण हौद्याच्या वर माल आला असूनही मागची बाजू रिकाम्या गाडीसारखी उंच, ताठ असेल, तर अंतर वाढवा. तिचा ड्रायव्हर बेदरकार आहे असे समजू नका. तो बहुधा तिशीतला, हप्त्याची तारीख पाठ असलेला कोणाचा तरी मुलगा असेल, आणि आपले ब्रेक किती लागतील हे त्यालाही सांगणारे आता गाडीत काही उरलेले नसेल.